तुझं तेवढं सांग

लहानपणची आठवण सांगायला कोणी तोंड उघडलं, की बाई हातातलं काम बाजूला ठेवायच्या आणि चेहऱ्यावर अतिशय प्रेमळ भाव आणायच्या. ज्यांना पूर्वानुभव होता ते तिथल्या तिथे विषय बदलायचे. नवखा माणूस मात्र खुलायचा, आणि फसायचा.

एका गणपतीत आमच्या झाशीच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष असेच फसले. रेल्वेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले वजनदार गृहस्थ. भाषणात म्हणाले, "मी दीड वर्षांचा असताना वडिलांनी मला खांद्यावर बसवून विसर्जनाला नेलं होतं. आजही ते चित्र डोळ्यांसमोर लख्ख आहे." टाळ्या पडल्या. आरती झाली, प्रसाद वाटायला सुरुवात झाली आणि बाईंनी त्यांना खांबाजवळ गाठलं.

"वडील कसे दिसत होते हो त्या दिवशी?"

"रुबाबदार! पांढरं धोतर, काळी टोपी, झुपकेदार मिशा..."

"खांद्यावरून मिशा दिसल्या?"

अध्यक्षांचा मोदक तोंडाशी जाता जाता थांबला.

"घरात त्या मिरवणुकीचा फोटो आहे का?"

"आहे. बैठकीत."

"हां," बाई समाधानाने म्हणाल्या, "मग तुम्हाला फोटो आठवतोय. मिरवणूक नाही. वाईट वाटून घेऊ नका, फोटो चांगलाच असणार."

पुढच्या वर्षी अध्यक्षांनी भाषणात फक्त वर्गणीबद्दल आभार मानले.

मी मुलींच्या कॉलेजात गृहविज्ञान शिकवायला लागले तेव्हा बाई तिथे मानसशास्त्राच्या प्रमुख होत्या. प्रमुख म्हणजे एकट्याच. त्यांचा विभाग एका खोलीत होता, आणि त्या खोलीत पूर्वी संगीत विभागाच्या फुटक्या पेट्या ठेवत. आम्ही दोघी मराठी, म्हणून एका रिक्षातून जायचो-यायचो. पण आमचं मराठी एक नव्हतं. माझे वडील भुसावळहून बदलून झाशीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये आलेले. आमच्या घरी अर्धं वाक्य मराठी आणि उरलेलं हिंदी. बाईंचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात कारभारासाठी इकडे आले ते इथलेच झाले. त्यांचं मराठी त्या काळी निघालेलं आणि नंतर बुंदेलखंडात मुरलेलं. विसरणं त्यांना ठाऊक नव्हतं, त्या 'बिसरणं' म्हणायच्या. जन्मभर स्मरणशक्तीचा अभ्यास केलेली ही बाई रिक्षात बसली की हमखास म्हणायची, "थांब गं, छत्री बिसरले."

त्यांच्या तरुणपणी मानसशास्त्र म्हणजे वेड्यांचा अभ्यास, असा सगळ्यांचा समज होता, आणि तो शिकणारी मुलगी म्हणजे घराला घोर. तरी त्यांनी हट्टाने बाहेरगावी जाऊन एम.ए. केलं. पुढे लहान मुलांच्या स्मृतीवर संशोधन करायचं म्हणाल्या, तेव्हा विभागातले थोरले प्राध्यापक हसले. "आधी लग्न करा, दोन मुलं होऊ द्या, मग मुलांवर काम करा."

बाईंनी विचारलं, "सर, आपण उंदरांवर काम करता. त्याआधी आपण काय केलं होतं?"

मार्गदर्शक बदलावा लागला. पदवी मिळायला खूप वर्षं गेली. पण ही गोष्ट सांगताना बाईंना एवढी मजा यायची, की ती वर्षं वाया गेली असं त्यांना कधी वाटलं नसावं.

झाशीला आल्यावर त्यांनी पुस्तकातल्यासारखे प्रयोग सुरू केले. मुलांना अर्थ नसलेले शब्द द्यायचे आणि किती लक्षात राहतात ते बघायचं. झुप, लेब, टोम, बिर, असले. पण आमच्या बुंदेली पोरांनी प्रयोगाचा पार विचका केला. एका मुलीने तिथल्या तिथे गोष्ट जुळवली. टोम नावाचा बोका, तो झुप करून उडी मारतो, बिर म्हणजे त्याचं पिल्लू. शब्द सगळे पाठ, शिवाय बोक्याची आई कुठे गेली हेही. बाई आठवडाभर चिडल्या होत्या. मग एक दिवस वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "मुलगी बरोबर आहे. चूक माझी. जे कोणालाच नको आहे ते तिने का लक्षात ठेवावं?" तेव्हापासून ते शब्द बंद झाले. बाई पर्समध्ये भाजलेले चणे घेऊन मोहल्ल्यामोहल्ल्यांत पोरांबरोबर जमिनीवर बसायला लागल्या. पोरं त्यांना चनेवाली मैडम म्हणायची.

त्यांची पद्धत बघणाऱ्याचा जीव घ्यायची. मुलाला काही विचारायच्याच नाहीत. नुसत्या शेजारी बसायच्या. मूल गप्प, बाई गप्प, आणि मुलाची आई बाजूला चुळबुळ करत, "बोल ना बेटा, मैडम को बता ना." बाई त्या आईला चण्यांची पुडी द्यायच्या, म्हणजे तोंड बंद राहील. मग केव्हातरी मूल आपणहून काहीतरी बोलायचं. बाईंचा प्रश्न एकच असायचा. "फिर?"

एकदा त्यांनी आम्हा प्राध्यापिकांवरच प्रयोग केला. स्टाफरूममध्ये मीटिंग चालू असताना एक अनोळखी माणूस आत आला, टेबलावरचा चेंडू उचलून निघून गेला. थोड्या वेळाने बाईंनी सहज विचारलं, "तो लाल टोपीवाला दारातून गेला की व्हरांड्यातून?" कोणी दारातून म्हणालं, कोणी व्हरांड्यातून. प्राचार्याबाईंनी तर टोपीला गोंडा होता हेही सांगितलं. त्या माणसाच्या डोक्यावर टोपी नव्हतीच. तो बाईंचा दूधवाला होता आणि त्याला टक्कल होतं. "मुलांना नावं ठेवता," बाई म्हणाल्या. "मूल थोडंच सांगतं, पण आपलं आपण सांगतं तोवर ते त्याचं असतं. आपण विचारायला लागलो, की ते आपलंच आपल्याला परत करतं."

एवढा हा एकच ध्यास का, ते मी त्यांना एकदा विचारलं. आम्ही त्यांच्या गच्चीत वाटाणे सोलत होतो.

"माझी आई मी लहान असताना गेली," त्या म्हणाल्या. "घरात सगळ्यांनी मला तिच्याबद्दल सांगितलं. प्रेमाने, रोज. ती कशी गायची, काय नेसायची, मला काय म्हणायची. इतकं सांगितलं, की माझं स्वतःचं काही असेल तर ते त्याच्याखाली दबून गेलं. मला तिची माहिती पुष्कळ आहे गं. आठवत काही नाही." मग वाटाण्याची शेंग माझ्यासमोर धरून म्हणाल्या, "ही बघ, आत अळी. तुझ्या भाजीवाल्याला सांग." विषय संपला.

आता एका हरवलेल्या मुलीची गोष्ट सांगते.

माझे थोरले भाऊ झाशी स्टेशनवर तिकीट तपासनीस होते. एक दिवस जेवताना त्यांनी सांगितलं, की कानपूरकडून आलेल्या गाडीत एक चारेक वर्षांची मुलगी एकटीच सापडली. नाव विचारलं तर मुन्नी. बापाचं नाव विचारलं तर पापा. गाव विचारलं तर गप्प. पोलिसांनी आपणच एकेक गाव घेतलं. उरई? हाँ. कानपूर? हाँ. ग्वाल्हेर? हाँ. शेवटी तिला शहरातल्या बालगृहात ठेवलं.

मी दुसऱ्या दिवशी रिक्षात हे बाईंना सांगितलं. बाईंनी रिक्षा तिथूनच वळवली.

आम्ही पोचलो तेव्हा बालगृहाच्या ऑफिसात आनंदीआनंद होता. मुलीचे आई-बाप सापडले होते! झाशीजवळच्या मऊरानीपूरचं जोडपं. त्यांची मुलगी आदल्या वर्षी जत्रेत हरवली होती. बातमी ऐकून आदल्या दिवशीच ते धावत आले होते, बालगृहातच राहिले होते. त्या जोडप्यातली बाई जमिनीवर बसली होती आणि मुलगी तिच्या गळ्याला घट्ट बिलगली होती. त्यांनी आणलेल्या फोटोतलं पोर आणि हे पोर सारखंच वाटत होतं. एका वर्षात लेकरं बदलतातच. इन्स्पेक्टर साहेबही खूश होते. "मैडम, बच्ची ने खुद पहचाना," ते बाईंना म्हणाले. "हमने पूछा, ये तुम्हारी मम्मी हैं? बोली, हाँ."

बाई मुलीसमोर बसल्या. चणे दिले. मग माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "मुन्नी, ये तुम्हारी मम्मी हैं?"

"हाँ," मुलगी म्हणाली.

बाईंनी इन्स्पेक्टर साहेबांच्या भरदार मिशांकडे बोट दाखवलं. "और ये? ये तुम्हारी मम्मी हैं?"

"हाँ."

शिपाई फिस्सकन हसला. मग कोणीच हसलं नाही.

"मला थोडा वेळ द्या," बाई हिंदीत म्हणाल्या. "ही मुलगी हो म्हणते कारण मोठ्या माणसांना हो आवडतं. दोन दिवस तिला कोणी काही विचारू नका. मग तुमचीच असेल तर घेऊन जा."

त्या बाईने मुलीला आणखी जवळ ओढलं. "जा हमाई मोड़ी आय," ती म्हणाली. ही आमची मुलगी आहे. मग बाईंच्या मोकळ्या गळ्याकडे बघून म्हणाली, "तुमने कोई जना है? तुम क्या जानो?"

बाईंना हे वाक्य जन्मभर कोणी ना कोणी ऐकवलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्यांनी त्याला चोख उत्तर दिलं होतं. त्या दिवशी दिलं नाही. नुसत्या म्हणाल्या, "मी जाणत नाही. म्हणून तर वेळ मागते."

आम्ही बाहेर पडलो तर फाटकापाशी त्या बाईचा नवरा उभा होता. बारका, खाली बघून बोलणारा माणूस. "बाई जी, हमाई मोड़ी के कान छिदे हते," तो म्हणाला. "इसके नहीं हैं."

"मग आत का नाही बोललात?"

"साल भर बाद कल उसने पेट भर रोटी खाई है. मैं क्या कहता?"

आता हे इन्स्पेक्टरला सांगितलं की प्रकरण संपलं, असं मला वाटलं. बाई म्हणाल्या, "नाही. कानांवरून तिला हरवायचं नाही. छिद्रं बुजली असतील म्हणेल, आणि मरेपर्यंत तिला वाटेल की एका थेरडीने तिची मुलगी हिसकावली. तिला स्वतःला दिसलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी बाई बालगृहाच्या व्हरांड्यात मुलीशेजारी बसून राहिल्या. ती मऊरानीपूरची बाई समोर, डोळ्यांत तेल घालून. बाईंनी मुलीपुढे स्वयंपाकघरातले स्टीलचे पेले ठेवले आणि स्वतः पाय चोळत बसल्या. मुलीने पेले खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडले. मग एकदम "धम्म!" म्हणाली आणि दोन्ही हातांनी पेले धरले.

"हे असंच करते कालपासून," बालगृहाची स्वयंपाकीण कुजबुजली. "कहीं बम-वम देखा होगा बेचारी ने. नाहीतर घरात मारहाण."

बाईंनी तिलाही चणे दिले.

मुलीने पेले सोडले, गाल फुगवून वाट बघितली, पुन्हा "धम्म!" आणि पुन्हा पेले धरले.

"फिर?" बाई म्हणाल्या.

"फिर चाची हँसती है."

"फिर?"

"फिर गिलास नहीं गिरता. फिर धम्म."

परतताना आमची रिक्षा छावणीतल्या झाडांखालून चालली होती. बाई म्हणाल्या, "ती घाबरलेली नाही. घाबरलेलं मूल आवाजाची वाट बघत नाही. आवाज तिच्या घरचा आहे."

माझी मावशी काही वर्षं झाशीजवळ, बबीन्याच्या लष्करी छावणीत राहत होती. तिथे तोफांचा सराव सुरू झाला, की तिच्या फळीवरची भांडी नाचायची. मी रिक्षात उडालेच. "बाई, बबीना!"

"हळू!" बाईंनी माझा दंड धरला. "मलाही सकाळपासून तेच वाटतंय. पण तिच्यासमोर हा शब्द काढायचा नाही. त्यालाही हाँ म्हणेल."

पोलिसांची जीप मिळवायला बाईंना फार भांडावं लागलं नाही. इन्स्पेक्टर साहेब मिशांच्या प्रकारानंतर जरा वचकून होते. बबीन्याला बाईंनी त्या जोडप्यालाही बरोबर घेतलं. मुलगी मागे त्या बाईच्या मांडीवर. बाई आणि मी पुढे ड्रायव्हरशेजारी कोंबून बसलो. "वळून बघायचं नाही," बाईंनी मला बजावलं. "हा रस्ता त्या दोघींचा."

बबीन्याच्या बाजारात जीप थांबली. कोणी काही बोललं नाही. मुलगी खाली उतरली, त्या बाईचं बोट धरून चार पावलं चालली. मग तिने बोट सोडलं. भाजीवाल्याच्या पलीकडे वळली, एका गल्लीत शिरली आणि धावायलाच लागली. फौजी वर्द्या शिवणाऱ्या एका दुकानातून किंकाळी ऐकू आली. "अरे, गुड़िया!" एक तरुण बाई मशीन ढकलून बाहेर आली आणि तिने मुलीला वरच्या वर उचललं. ती चाची होती. घरचे लग्नाला निघाले असताना मुलगी कानपूर स्टेशनवर हातातून सुटली होती, आणि आई-बाप अजून कानपुरातच तिला शोधत होते. ती गाडीत चढून परत झाशीला आली असेल, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

सगळा बाजार जमला. मिठाई आली. मी त्या मऊरानीपूरच्या बाईला शोधत होते. ती गल्लीच्या तोंडाशी उभी होती. गर्दीतून वाट काढत पुढे आली, चाचीच्या कडेवरच्या मुलीच्या पायात सुटलेली एक चप्पल नीट घातली आणि जीपमध्ये जाऊन बसली. झाशीला परतताना बाई मागे तिच्याशेजारी बसल्या.

पुढच्या सुट्टीत बाई बसने मऊरानीपूरला गेल्या. मला वाटलं, ती बाई दारही उघडणार नाही. तिने उघडलं. बाई मग जातच राहिल्या. तिथे काय करता, असं विचारलं तर म्हणाल्या, "ऐकते. तिच्या मुलीबद्दल तिला कोणी बोलूच देत नाही. जखम उघडू नये म्हणून घरचे, शेजारचे, सगळे विषय बदलतात. मी म्हणते, फिर? आणि ती सांगते." ती मुलगी कधीच सापडली नाही. पण ती बाई जेवायला लागली, घरात वावरायला लागली. पुढे तिच्या नवऱ्याने स्वतः झाशीला येऊन बाईंना हे सांगितलं.

वर्षं गेली. बाई निवृत्त झाल्या, त्यांचे गुडघे गेले, ऐकू कमी यायला लागलं. त्यामुळे लोकांना आठवणी सांगणं थोडं सोपं झालं. अशात एका सकाळी त्यांच्या दारात चाची उभी राहिली, बरोबर एक उंच, हसरी मुलगी. आमची मुन्नी. नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, म्हणून पाया पडायला आली होती. मी तिथेच होते.

तिने सगळी गोष्ट आम्हालाच सांगितली. गाडी, पोलीस, पेले, धम्म, इन्स्पेक्टरच्या मिशा. एकही गोष्ट सुटली नाही. चाची कौतुकाने मान डोलवत होती. बाईही शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

"छान सांगतेस," त्या म्हणाल्या. "आता यातलं घरच्यांनी सांगितलेलं काढून टाक. तुझं तेवढं सांग."

मुलगी हसली. मग गोंधळली. चाची काही बोलणार एवढ्यात बाईंनी हात वर केला.

"एक आंटी थीं," मुलगी हळू म्हणाली. "गाड़ी चल रही थी. वो मेरी चोटी बनातीं, खोल देतीं, फिर बनातीं. बार-बार." ती चाचीकडे वळली. "वो कौन थीं, चाची? तुमने उनका तो कभी बताया ही नहीं."

चाची गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. घरच्या गोष्टीत ती बाई नव्हतीच. आणि बाईही त्या मुलीच्या आठवणीत कुठे नव्हत्या. चणे नाहीत, पेले नाहीत, काही नाही. मला वाटलं, त्यांना लागेल. पण बाई मांडीवर थाप मारून हसल्या, इतक्या की ठसका लागला. "बरोबर! मी कशाला असेन?"

"सच में हुआ था?" मुलीने विचारलं.

"मला ठाऊक नाही बाळ. मी पुढे बसले होते," बाई तिला हिंदीत म्हणाल्या. "जिला ठाऊक आहे तिच्याकडे जाऊ." आणि मला मराठीत, "ऊठ, दुपारची बस मिळेल अजून."

बसमध्ये त्यांना चढवताना कंडक्टर आणि मी घामाघूम झालो. वाटेत त्यांनी मुलीला एकच ताकीद दिली. "तिला विचारायचं नाही. एक शब्द नाही. नुसती समोर उभी राहा."

मऊरानीपूरला त्या घराचं दार उघडंच होतं. ती बाई आता पिकली होती. सुपात गहू निवडत बसली होती. बाईंना बघून उठायला लागली, मग तिची नजर मागे उभ्या असलेल्या मुलीवर गेली. तिने सूप खाली ठेवलं. मुलीपाशी आली, चेहऱ्याकडे बघितलं, मग तिला खांद्याला धरून सावकाश वळवलं आणि तिच्या पाठीवरून खाली हात फिरवत गेली.

"बाल कित्ते बड़े हो गए," ती म्हणाली.

मुलीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

बाई वळल्या आणि काठी टेकत अंगणातल्या हापशाकडे गेल्या. तोंडावर धूळ बसली आहे म्हणाल्या. मी जाऊन दांडा हापसायला लागले, आणि त्या कितीतरी वेळ तोंड धूत राहिल्या.